अ‍ॅम्प बदलला म्हणून आवाज बदलला का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

गेल्या अंकात स्पीकर खोलीत कुठे ठेवायचे यावर लिहिलं होतं आणि त्यावर आलेली बरीच पत्रं निघाली अ‍ॅम्प्लिफायरची. शब्द वेगळे पण प्रश्न फिरून फिरून तोच, ह्याचा आवाज चांगला का त्याचा. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिलीय. पहिलं उत्तर मुद्दाम लांब लिहिलंय, पुढच्या बऱ्याच पत्रांना तेच लागू पडतं.

प्रश्न (गिरगाव): वडिलांनी १९८४ साली घेतलेला ट्रान्झिस्टरचा इंटिग्रेटेड अ‍ॅम्प अजून चालू आहे, त्याला दोन बुकशेल्फ स्पीकर लावलेत. मागच्या महिन्यात मुलाने लॅमिंग्टन रोडवरून छोटासा क्लास डी डबा आणला (हाही अ‍ॅम्पच, पण चिपवर चालणारा), पोळीच्या डब्यापेक्षाही लहान. मला जुन्याचा आवाज भरदार आणि गोड वाटतो. मुलगा म्हणतो नवीन जास्त क्लिअर आहे, जुन्यावर गायक गोधडीच्या आतून गातोय असं वाटतं. रोज जेवताना हाच विषय. आमच्यात बरोबर कोण?

उत्तर: काका, आधी मला सांगा तुमची तुलना झाली कशी? माझा अंदाज असा की जुन्याच्या वायरी काढल्या, नव्याला पिळल्या, बरा वाटेल इतका व्हॉल्यूम फिरवला आणि तेच गाणं परत लावलं, ह्यात पाच-सात मिनिटं गेली. घरोघरी असंच करतात, मीही कित्येक वर्षं असंच केलंय. पण ह्यात दोन अ‍ॅम्पमधला फरक कळत नाही, कळतो तो दोन व्हॉल्यूममधला फरक, आणि तोही कान विसरून गेल्यावर, कारण आवाजातला बारीक फरक डोक्यात जेमतेम काही सेकंद टिकतो.

कानाचं असं आहे की आवाज अगदी अर्धा-पाऊण डेसिबलने वाढला तर तो आपल्याला मोठा झालाय असं वाटतच नाही, चांगला झालाय असं वाटतं. जास्त उघडा, जास्त भरलेला, गायिकेने श्वास घेतलेला पण ऐकू येतोय असा. त्याला कारण आहे. अमेरिकेत बेल लॅबमध्ये फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये मोजून दाखवलं की आपला कान सगळ्या फ्रिक्वेन्सींना सारखा नाही, आवाज हळू असला की बेस आपल्याला मधल्या पट्टीपेक्षा खूपच कमी ऐकू येतो आणि आवाज चढत जाईल तसा बेस भराभर वर येतो. म्हणजे जो अ‍ॅम्प थोडा जोरात वाजतोय तो आपोआप भरदार वाटणार, त्यात अ‍ॅम्पचा काही गुण नसला तरी.

पार्ल्याला एका मित्राकडे दोन अ‍ॅम्प होते आणि आम्ही दोघं दोन वर्षं ठामपणे म्हणायचो की एकावर डग्गा जास्त घुमतो, दुसऱ्यावर कोरडा वाजतो. व्हॉल्यूमचा नॉब दोन्हीकडे सारखाच, घड्याळात दहाचा आकडा असतो त्या जागी. एकदा सहज स्पीकरच्या टोकांना मल्टिमीटर लावला तर एकावर २ व्होल्ट, दुसऱ्यावर २.३. म्हणजे तब्बल १.२ डेसिबलचा फरक. दोन्ही सारखे करून परत ऐकलं तर डग्गा दोन्हीवर सारखाच घुमत होता. त्या संध्याकाळनंतर मीटर लावल्याशिवाय मी कुठल्याच अ‍ॅम्पबद्दल मत दिलेलं नाही आणि तुम्हालाही तीच कळकळीची विनंती आहे.

नॉब किती वाजता आहे त्यावर अजिबात जाऊ नका. त्या काळातल्या अ‍ॅम्पचं ऑक्स इनपुट (बाहेरचं यंत्र जोडायची जागा), पाच पिनांचं डिन सॉकेट असेल तर बहुतेक दीड-दोनशे मिलिव्होल्टच्या हिशोबाने केलेलं असायचं, कारण समोर टेप डेक नाहीतर ट्यूनर असायचा. आजचा डॅक (डिजिटल गाण्याचा अ‍ॅम्पला लागणारा सिग्नल करून देणारा डबा) किंवा सीडी प्लेअर दोन व्होल्ट देतो. त्यामुळे जुना अ‍ॅम्प नऊ वाजताच गर्जायला लागतो आणि घरातले म्हणतात, बघा जुन्यात केवढा दम आहे. तो दम नाही, नुसता गेन आहे, म्हणजे आलेला सिग्नल किती पट वाढवला एवढंच.

आता करायचं काय ते सांगतो. दोन्ही अ‍ॅम्पना एकाच फोन किंवा डॅकमधून सिग्नल द्या, वाय केबल मिळते. रेकॉर्ड प्लेअर या तुलनेसाठी वापरू नका, फोनो स्टेज, म्हणजे रेकॉर्डचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, ही प्रत्येक अ‍ॅम्पमध्ये खरोखर वेगळी असते आणि मग तुम्ही अ‍ॅम्पची नाही, फोनो स्टेजची परीक्षा घेताय. बेस-ट्रेबलचे नॉब मधोमध, लाउडनेसचं बटण बंद. फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप टाकून २०० हर्ट्झचा सूर लावा (हजार हर्ट्झ नको, स्वस्तातले मल्टिमीटर एसी मोजताना तिथे चुकतात), स्पीकर जोडलेलेच ठेवून त्याच्या दोन टोकांवर एसी व्होल्टेज बघा आणि साधारण एक व्होल्टवर आणा. मग दुसऱ्या अ‍ॅम्पवर तेच. एक टक्क्याच्या आत जुळवा, म्हणजे इकडे १.००० असेल तर तिकडे १.०१० पर्यंत चालेल, एवढं केलं की फरक ०.१ डेसिबलच्या आत येतो. डावा-उजवा दोन्ही मोजा. जुन्या अ‍ॅम्पमध्ये दोन्ही बाजू सारख्या नसतात असं खूपदा निघतं, बॅलन्सने सारख्या करा.

मग लागतो स्विच, कारण वायरी काढूनघालून चालणार नाही, पटकन इकडून तिकडे जाता आलं पाहिजे. आता हे नीट वाचा काका, नाहीतर मुलाचा नवा डबा जळेल. क्लास डी च्या बहुतेक डब्यांमध्ये आउटपुट ब्रिज केलेलं असतं, म्हणजे काळी वायर ही ग्राउंड नसतेच, तिच्यावरही सिग्नल असतो. बाजारात जे साधे स्पीकर सिलेक्टर मिळतात त्यातल्या कित्येकांत सगळ्या काळ्या वायरी आतून एकत्र जोडलेल्या असतात. तसा सिलेक्टर लावला की चिप गेली. म्हणून दुकानात फोर पोल टू वे टॉगल स्विच मागा, म्हणजे दोन्ही स्पीकरच्या लाल आणि काळ्या चारही वायरी बदलल्या जातील. आणि दोन अ‍ॅम्पची आउटपुटं एकमेकांना चिकटणार नाहीत हे चार वेळा तपासून मगच पॉवर द्या.

शेवटचं काम घरातल्या कोणाला तरी द्या. सूनबाई किंवा नातू स्विचपाशी बसतील, तुम्ही स्विचकडे पाठ करून. आधी ओळख करून घ्या, हा क, हा ख, हवा तितका वेळ ऐका. मग ते नाणं उडवणार, छापा पडला तर क, काटा पडला तर ख, आणि दर वेळी स्विचचे दोन-तीन खटके उगाच वाजवणार म्हणजे खटक्यावरून कळायला नको. तुम्ही कागदावर लिहायचं कुठला ते. दहा वेळा. सात बरोबर आले म्हणून पार्टी करू नका, नुसत्या अंदाजाने सुद्धा दहापैकी सात किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता १७ टक्के असते. आठला पाच टक्क्यांच्या जरा वर. नऊ आले तर मात्र मानायला हवं, तिथे नशिबाने जमायची शक्यता जेमतेम एक टक्का उरते. गिरगावात रस्त्याचा आवाज बघता हे रात्री अकरानंतर करा, गणपतीच्या दिवसांत तर नकोच.

आणि हो, नऊ आले तर? तर फरक खरा आहे आणि मग त्याचं कारण शोधायचं. चाळीस वर्षं झालेला अ‍ॅम्प आहे, वर चौपाटी पलीकडे, खारं वारं आणि चार महिने पावसाळा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकतात, सिग्नलच्या वाटेवरचा सुकला की बेस पातळ होतो, सप्लायवरचा सुकला की गूं असा आवाज येतो. स्पीकर रिलेचे (अ‍ॅम्पमधून स्पीकर जोडणाऱ्या आतल्या स्विचचे) पॉइंट काळे पडतात मग एक बाजू दबून येते आणि व्हॉल्यूम एकदम वाढवला की ठीक होते. मुलाला जी गोधडी जाणवतेय ती ही असू शकते. मल्टिमीटर हातात आहेच तर गाणं बंद ठेवून स्पीकर टर्मिनलवर डीसी बघून घ्या, ५० मिलिव्होल्टच्या खाली असेल तर छान, शंभराच्या वर असेल तर मेकॅनिकला दाखवा. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात. आणि गोड कोणाला वाटतो हा प्रश्न उरलाच तर वडिलांचा अ‍ॅम्प आहे तो, चालू ठेवायला एवढं कारण मला पुरेसं वाटतं, फक्त ते कारण आवाजाच्या खात्यावर लिहू नका.

प्रश्न (ठाणे): दुकानदाराने दोन अ‍ॅम्प दाखवले, एक ३० वॉटचा, एक १०० वॉटचा. १०० चा नक्कीच जास्त चांगला ऐकू आला. शिवाय एक तिसरा होता, त्यावर तर ३००० वॉट पीएमपीओ लिहिलंय आणि किंमत सगळ्यात कमी. मी कुठला घेऊ?

उत्तर: तिसऱ्याचा विचार डोक्यातून काढून टाका. पीएमपीओ हा आकडा कसा मोजायचा याला कुठलाच मान्य नियम नाही, त्यामुळे तो कितीही लिहिता येतो. बघायचा तो आरएमएस, म्हणजे अ‍ॅम्प सतत देऊ शकतो ती ताकद, आणि तोही किती ओहमच्या स्पीकरला आणि आवाज किती बिघडू देऊन (डिस्टॉर्शन) हे सोबत लिहिलं असेल तरच.

आता ३० आणि १००. वॉट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॉट. तीसवरून शंभरवर गेलात की मिळतात पाच डेसिबलच्या जरा वर. तेही दोन्ही पूर्ण ताणून वाजवले तर. दुकानात कोणी ताणून वाजवत नाही, त्यामुळे तिथे जो १०० चा चांगला वाटला तो माझ्या मते नुसता जोरात लावलेला होता, मुद्दाम असेल किंवा नकळत असेल. मी एका दुकानात विक्रेत्याला विनंती करून दोन्ही मीटरने सारखे करायला लावले होते, तो कुरकुरत तयार झाला आणि मग त्याला स्वतःलाच सांगता येईना कुठला चालू आहे.

तुमच्या खोलीचं माप दिलंयत दहा बाय बारा. स्पीकर एक वॉटला एक मीटरवर ८६ डेसिबल देणारा असेल तर दोन स्पीकर आणि भिंतींवरून परत येणारा आवाज धरून पलंगावर बसल्या जागी ८० डेसिबलच्या वर मिळतात, एका वॉटमध्ये. एवढ्या आवाजात शेजारचे दार वाजवायला येतील. पण संगीत एकसारखं नसतं ना, सरासरी एक वॉट चालू असताना पखवाजाची थाप पडली की क्षणभरासाठी तीस वॉट लागू शकतात, म्हणून ३० वॉटचा अ‍ॅम्प तुमच्या खोलीला बरोबर आहे आणि १०० चा घेतलात तर ती सोय जास्तीची. थाप आली आणि अ‍ॅम्पकडे तेवढं नसलं तर तो वरून कापतो, त्याला क्लिपिंग म्हणतात, आणि तो फरक मात्र कोणालाही ऐकू येतो, आवाज फाटतो, कर्कश होतो. एक जुनं उदाहरण देतो, १९७८ मध्ये आलेला एनएडी कंपनीचा ३०२० अ‍ॅम्प, कागदावर फक्त २० वॉटचा, पण क्षणभर त्याहून बरंच जास्त देऊ शकायचा आणि कापायची वेळ आली तर हळुवार कापायचा, म्हणून तो एवढा गाजला.

छोट्या डब्यांच्या बाबतीत चिपचं नाव वाचण्याआधी अ‍ॅडॅप्टर वाचा. डब्यावर १०० अधिक १०० वॉट आणि सोबत २४ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर, म्हणजे आत जातायत जास्तीत जास्त १२० वॉट, बाहेर दोनशे कुठून येणार? शिवाय २४ व्होल्टवर ८ ओहमच्या स्पीकरला ब्रिज करूनही गणिताने ३६ वॉटच्या वर जाताच येत नाही. ज्यांनी कधीकाळी ४४४० आयसीचा (म्हणजे त्या नंबरच्या चिपचा) अ‍ॅम्प असेंबल केलाय त्यांना हे माहीत असतं, १२-१३ व्होल्टवर ती बिचारी दोन बाजूंना सहा-सहा वॉट द्यायची, ब्रिज करून एकोणीस, आणि तरी चाळीत दोन मजल्यांना पुरायचं. ३६ वॉट वाईट अजिबात नाहीत, घ्या, फक्त शंभरचे पैसे देऊ नका.

प्रश्न (वसई): एका परिचितांकडे व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प ऐकला. माझ्याच मॉडेलचे स्पीकर होते आणि तरी आवाज ओळखू येईना इतका वेगळा, ऊबदार. तुम्ही लोक म्हणता सगळे अ‍ॅम्प सारखेच, मग हे काय होतं?

उत्तर: सगळे अ‍ॅम्प सारखेच असं मी म्हणत नाही आणि म्हणणारही नाही. मी म्हणतो की चांगल्या स्थितीतले, आपल्या ताकदीच्या आत वाजणारे आणि कमी आउटपुट इम्पिडन्सचे (म्हणजे सिग्नलला स्वतःचा अडथळा कमी असलेले) अ‍ॅम्प, आवाज नीट जुळवून आणि न बघता ऐकले तर ओळखता येत नाहीत. व्हॉल्व्हचे कित्येक अ‍ॅम्प नेमके त्या तिसऱ्या अटीत बसत नाहीत.

स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो सगळीकडे ८ नसतो, कुठल्या फ्रिक्वेन्सीला ४ वर उतरतो, कुठे २० वर चढतो. ट्रान्झिस्टरच्या चांगल्या अ‍ॅम्पचा स्वतःचा इम्पिडन्स अगदी थोडा, समजा ०.०५ ओहम, त्याला ह्या चढउतारांचं काही वाटत नाही, फरक ०.१ डेसिबलच्याही आत राहतो. व्हॉल्व्हवाल्याचा समजा २ ओहम असेल तर त्याच स्पीकरवर २० ओहमच्या जागी आवाज ४ ओहमच्या जागेपेक्षा पावणेतीन डेसिबल जास्त येतो. म्हणजे अ‍ॅम्पने न सांगता एक इक्वलायझर लावला आणि त्याचा आकार ठरवला तुमच्या स्पीकरने. बहुतेक बुकशेल्फ स्पीकरमध्ये इम्पिडन्सचा मोठा डोंगर खालच्या बेसमध्ये असतो, म्हणून तिथे थोडा फुगवटा येतो आणि ऐकणारा म्हणतो ऊब. ती तुम्हाला आवडली असेल तर आवडली, त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र दुसऱ्या स्पीकरवर तीच ऊब येईल असं धरून पैसे घालवू नका.

यावर पूर्वी बरंच काम झालंय. इंग्लंडमध्ये क्वाड कंपनीचे तीन अ‍ॅम्प, व्हॉल्व्हचा क्वाड टू आणि ट्रान्झिस्टरचे ३०३ आणि ४०५, न बघता ऐकवले होते, १९७८ मध्ये वायरलेस वर्ल्ड मासिकात त्याचा वृत्तांत आला, ऐकणाऱ्यांना कुठला कुठला ते ओळखता आलं नाही. म्हणजे चांगला बनवलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प ट्रान्झिस्टरसारखाच वाजू शकतो. १९८५ मध्ये बॉब कार्व्हर या अमेरिकन डिझायनरने त्याच्या उलट केलं, स्टिरिओफाइल मासिकाच्या लोकांनी निवडलेल्या महागड्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पसारखा आपला ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प दोन दिवस बसून बदलत नेला, दोन्हींना एकच सिग्नल द्यायचा, एकाचं आउटपुट दुसऱ्यातून वजा करायचं आणि जो उरेल तो शून्याकडे न्यायचा, असं करत. शेवटी मासिकाच्या लोकांना फरक सांगता आला नाही. आणि १९८७ मध्ये स्टिरिओ रिव्ह्यू मासिकाने २२० डॉलरच्या रिसीव्हरपासून (रेडिओ आणि अ‍ॅम्प एकाच डब्यात) १२ हजार डॉलरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पपर्यंत सगळे एका रांगेत ठेवून न बघता ऐकवले, उत्तरं जवळपास निम्मी बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखीच. मला यात कार्व्हरची गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण तिने दाखवलं की त्या आवाजात जे होतं ते मोजता येतं आणि दुसरीकडे उभं करता येतं, ते व्हॉल्व्हच्या काचेत अडकलेलं नाही.

एक काळजी घ्या. त्या परिचितांच्या घरी जाऊन गिरगावच्या काकांना सांगितलेला स्विचचा प्रयोग करू नका. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकरशिवाय चालू ठेवून सिग्नल दिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, स्विच फिरवल्यावर नेमकं तेच होतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर परत गुंडाळून देणारे कारागीर आता शोधावे लागतात.

प्रश्न (चेंबूर): नवीन अ‍ॅम्पला सारखा गूंऽऽ आवाज येतो, जुन्याला येत नव्हता. दुकानदार म्हणतो बदलून देणार नाही, अ‍ॅम्प ठीक आहे. क्वालिटी खराब आहे का?

उत्तर: टीव्ही अ‍ॅम्पला जोडलेला असेल तर सेट टॉप बॉक्सची गोल केबल काढून बघा. आवाज गेला ना? मग दुकानदार बरोबर आहे. केबलवाल्याची केबल बिल्डिंगच्या दुसऱ्याच कुठल्यातरी ठिकाणी अर्थ झालेली असते आणि तुमचा नवा अ‍ॅम्प तीन पिनांचा असल्याने घरच्या अर्थला जोडलेला, दोन्हींच्या मध्ये एक गोल (ग्राउंड लूप) तयार होतो आणि त्यातून विजेचे ५० हर्ट्झ आणि त्याची पोरं, म्हणजे १००, १५० असे पटीतले सूर, अ‍ॅम्पमध्ये शिरतात. जुना दोन पिनांचा होता म्हणून त्याला त्रास नव्हता. केबलच्या वाटेवर लावायचा ग्राउंड लूप आयसोलेटर मिळतो, तो लावा, किंवा टीव्हीतून ऑप्टिकल केबलने आवाज घ्या, तिच्यातून वीजच जात नाही. अ‍ॅम्पची अर्थची पिन मात्र कोणीही सांगितलं तरी काढू नका. आवाज जाईल खरा पण उद्या आत काही बिघडलं तर अ‍ॅम्पच्या पत्र्यात करंट उतरेल, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर उभं राहून हात लावणारं माणूस घरातलंच असेल.

प्रश्न (कांदिवली): अ‍ॅम्प दोनशे तास वाजवल्यावर आवाज उघडतो म्हणतात, आणि स्पीकरची वायर भारीतली घ्यावी का?

उत्तर: तासांनी उघडत नाही, तुम्हाला त्या आवाजाची सवय होते. दोन एकसारखे अ‍ॅम्प घेऊन एक वाजवून आणि एक खोक्यात ठेवून नंतर न बघता कोणी ओळखून दाखवलं तर मी आनंदाने मत बदलेन. वायर तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची घ्या, घरच्या वायरिंगला वापरतात तीच चालते. पाच मीटर लांब स्पीकरपर्यंत जाऊन परत यायला तिचा रेझिस्टन्स ०.०७ ओहमच्या आसपास होतो, एवढ्याने काही बिघडत नाही. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायर घेऊ नका, आपल्या हवेत तिची टोकं लवकर खराब होतात.

प्रश्न (मुलुंड): मी रात्री सगळी झोपली की शास्त्रीय संगीत ऐकते, अगदी हळू, वन बीएचके आहे आणि भिंतीपलीकडे म्हातारं जोडपं राहतं. इतक्या हळू आवाजात तानपुरा पातळ आणि कधी कधी खरखरीत वाटतो, गायकही एका बाजूला सरकल्यासारखा. चांगल्या क्वालिटीचा अ‍ॅम्प घेतला तर फरक पडेल का?

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, कारण इतकं नेमकं ऐकून लिहिलंय तुम्ही. तुम्ही एका वाक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्यात आणि प्रत्येकीचं कारण वेगळं आहे.

पातळ वाटतो तो तुमच्या कानामुळे, वर फ्लेचर आणि मन्सनचं लिहिलंय तेच. कुठलाही अ‍ॅम्प घेतलात तरी हळू आवाजात खर्ज कमीच ऐकू येणार. अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असेल तर ते नेमकं यासाठीच असतं, बिनधास्त दाबा, त्यात अशुद्ध काही नाही. गिरगावच्या काकांना बंद करायला सांगितलं ते फक्त तुलनेपुरतं. बटण नसेल तर बेसचा नॉब थोडा वर घ्या. आणि स्पीकर मागच्या भिंतीजवळ सरकवा, भिंतीमुळे खालचे सूर आपोआप भरून येतात. पण शेजाऱ्यांबरोबर सामाईक असलेल्या भिंतीला लावू नका, समोरच्या भिंतीला लावा आणि स्वतः जवळ बसा, चार-पाच फुटांवर. जवळ बसलात की तितकाच आवाज तुम्हाला मोठा वाटेल आणि पलीकडे कमी जाईल.

गायक एका बाजूला सरकतो तो व्हॉल्यूमच्या नॉबमुळे. आत दोन बाजूंचे दोन ट्रॅक असतात आणि अगदी सुरुवातीच्या भागात ते एकमेकांशी जुळत नाहीत, नॉब जरा वर गेला की जुळतात. म्हणून फोनचा किंवा डॅकचा आवाज कमी करा आणि अ‍ॅम्पचा नॉब दहा-अकरापर्यंत आणा. एक पैसा खर्च नाही.

खरखर ही मात्र अ‍ॅम्पची असू शकते आणि या अंकातल्या सगळ्या पत्रांत ही एकच तक्रार अशी आहे की जिथे मला अ‍ॅम्पवरच संशय आहे. ट्रान्झिस्टरच्या क्लास एबी अ‍ॅम्पमध्ये सिग्नलचा वरचा भाग एक ट्रान्झिस्टर सांभाळतो, खालचा दुसरा, आणि दोघांच्या हातबदलाच्या जागी थोडा करंट सतत चालू ठेवावा लागतो, त्याला बायस म्हणतात. वर्षं गेली की तो कधी कधी उतरतो आणि हातबदलाच्या जागी खाच पडते. मोठ्या आवाजात ती खाच झाकली जाते, हळू आवाजात सिग्नलच एवढासा असतो की खाच त्याच्या मानाने मोठी होते. तानपुऱ्यात एका तारेतून इतके वरचे सूर निघतात की तिथे ते लगेच कानाला टोचतं. नुसता तानपुरा लावून बघा, हळू आवाजात खरखर आणि जरा वाढवलं की स्वच्छ, असं असेल तर मेकॅनिकला बायस तपासायला सांगा. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर ती वेगळी, नॉबच्या आत दमटपणाने मळ धरलाय, कॉन्टॅक्ट क्लीनरने जाते.

हे सगळं करून महिनाभर ऐका. एवढ्यानंतरही तानपुरा टोचत राहिला तर अ‍ॅम्पचं मॉडेल, स्पीकरचं मॉडेल आणि खोलीची लांबी-रुंदी लिहून परत पत्र पाठवा, कुठला घ्यायचा ते मग नीट बघू.